कामाचे कपडे

बापूकडे गेलेली बॅटरी मेली म्हणून परत येत नाही, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. ट्रॅक्टरची असो, जीपची असो, नाहीतर घरच्या इन्व्हर्टरची. डीलरनं ‘आता नवीनच घ्या’ म्हणून वाटेला लावलेलं गिऱ्हाईक शेवटी बापूच्या दारात यायचं. बापू झाकण उचकटायचा, ॲसिड काढायचा, प्लेटा बाहेर घेऊन त्यांवरची तपकिरी भुकटी पत्र्यावर झटकायचा, गेलेल्या प्लेटा बाजूला टाकून चांगल्या पुन्हा जोडायचा. जोडायला शिसं लागे, ते तो शेगडीवर लोखंडी पळीत वितळवायचा. शिसं 327 अंशांना वितळतं. त्याला लोखंडासारखी मोठी भट्टी लागत नाही. कुठल्याही ओसरीवर, कुठल्याही बोळात त्याचं पाणी करता येतं. कारागिराला हे सोयीचं पडतं आणि घात तिथंच होतो.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मागे दोन खोल्या. तिथं बापूची आई, तिला सगळी गल्ली आक्का म्हणे; बायको; आणि साडेतीन वर्षांचा सोन्या. संध्याकाळी शटर ओढून बापू आत आला की सोन्या धावत येऊन त्याच्या पायांना मिठी मारायचा, मांडीत तोंड खुपसायचा. बापू हात धुवायचा, चहा प्यायचा, पोराला कडेवर घ्यायचा. कपडे मात्र रात्री झोपतानाच बदलायचा. त्या गल्लीत बॅटरीची पाच दुकानं आहेत आणि सगळीकडे हीच रीत.

सोन्याचं कधी बिनसायला लागलं हे घरात कुणालाच नीट सांगता आलं नाही. आधी खाणं कमी झालं. मग पोट धरून कळवळू लागला, चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही. चेहरा पांढुरका पडला. भिंतीचे पोपडे काढून तोंडात घालायचा. चिडका झाला, रात्री दचकून उठायला लागला. आणि ‘आक्का, ऊठ की गं’ असं अख्खं वाक्य बोलणारं पोर पुन्हा एकेका शब्दावर आलं. आक्कानं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. अंगणवाडीत जंताची गोळी मिळाली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध लिहून दिलं. तीन महिने ते नेमानं पाजलं, पण हिमोग्लोबिन होतं तिथंच राहिलं.

जंत असतीलही, रक्त तर कमी होतंच. शिशाची बाधा अशीच येते, दुसऱ्या दहा दुखण्यांच्या गर्दीत मिसळून. पोट दुखणं, भूक मंदावणं, रक्त कमी होणं, हट्टीपणा: यातलं एकही लक्षण पाहून कुणाला शिसं आठवत नाही. म्हणून तर विचारावं लागतं.

ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तुम्ही काय काम करता?”

“दुकान आहे, मॅडम.”

“कसलं?”

“बॅटरीचं. जुन्या दुरुस्त करून देतो.”

“घरापासून किती लांब?”

“लांब कुठलं? पुढच्या खोलीतच की.”

बाईंनी त्याचा हात हातात घेऊन नखं पाहिली. नखांच्या कडेला, बोटांच्या पेरांवर करडा रंग मुरला होता, साबणानं न जाणारा. मग त्यांनी सोन्याचे हात पाहिले.

इटलीतल्या मोडेना शहरात वैद्यकी केलेल्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. शिशाची झिलई वापरणाऱ्या कुंभारांचे हात आधी कसे कापू लागतात आणि पुढं कसे लुळे पडतात, हे त्यात आलं आहे. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारत आले, त्यांत आणखी एक घाला, असं रामाझिनींनी बजावलं: तुम्ही काय काम करता? तीनशे वर्षं उलटून गेली. तपासणीची यंत्रं कुठल्या कुठं गेली, पण हा प्रश्न अजून प्रत्येक केसपेपरवर आलेला नाही. यायला हवा. आणि मुलांच्या केसपेपरवर तर आईबापांच्या कामाचा रकाना हवाच हवा.

सोन्याचे हात आधी साबणानं धुऊन, पुसून मग दंडाच्या शिरेतून रक्त घेतलं. बोटाला टोचून घेतलं असतं तर कातडीवरची धूळ थेंबात मिसळून आकडा फसवा येण्याची भीती होती. नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत जायचा होता. अहवालाला आठवडा लागणार होता, आणि त्या आठवड्यात बापूच्या मेहुण्याचा पुण्याहून फोन आला. तिकडं एका ठिकाणी केसांवरून अंगातले सगळे धातू मोजून देतात म्हणे, आणि ते काढायचं पॅकेजही असतं. बापू उसने पैसे घेऊन गेला. पोराच्या केसांची बट दिली. स्वतःची लघवी दिली, त्याआधी त्यांनी एक गोळी घ्यायला लावली होती. परत आला तो चकचकीत कागद घेऊन. त्यावर वीस-बावीस धातूंची नावं आणि निम्म्यांपुढं लाल खुणा. सोबत चूर्णाचे डबे.

डॉक्टरबाईंनी तो कागद बाजूला सारला नाही, पूर्ण वाचला. बापूला त्याचं फार बरं वाटलं.

“बापू, केसाला बाहेरची धूळ चिकटते. आतलं किती आणि बाहेरचं किती, हे त्यावरून कळत नाही. आणि ती जी गोळी दिली, ती अंगातले धातू खेचूनच बाहेर काढते. तुमची काय नि माझी काय, त्यानंतर लघवी तपासली तर आकडा वरच येणार. पण ताडून बघायला जो आकडा शेजारी छापलाय, तो गोळी न घेतलेल्या माणसांचा. मग लाल खूण येणारच ना?”

“म्हणजे खोटं?”

“याच्यावरून औषध देता येत नाही, एवढं पक्कं. प्रत्येक धातूची तपासणी वेगळी असते. शिसं रक्तात बघायचं. आर्सेनिक लघवीत, तेसुद्धा आधी दोन-तीन दिवस मासे न खाता, कारण माशांतलं आर्सेनिक बहुतेक निरुपद्रवी असतं, तेही मोजलं जातं आणि माणूस उगाच घाबरतो. पारा माशांतून गेला असेल तर रक्तात शोधायचा, वाफेतून गेला असेल तर लघवीत. आधी माणूस कशाच्या संपर्कात आहे हे विचारायचं आणि मग त्याच धातूची तपासणी करायची. सरसकट सगळे धातू मोजून हाती काही लागत नाही.”

सोन्याचा अहवाल आला. दर डेसिलिटर रक्तात 58 मायक्रोग्रॅम शिसं.

बापूला आकडा समजला नाही. मग बाईंनी हिशेब मांडला. सोन्याचं वजन चौदा किलो, म्हणजे अंगात रक्त साधारण एक लिटर. त्या सगळ्या रक्तात मिळून शिसं अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त. मोहरीचा एक दाणासुद्धा याहून जड असतो. एवढ्याशा शिशानं पोराचं बोलणं काढून घेतलं होतं. 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आकडा आला की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांत 45 किंवा जास्त आला तर औषध द्यावं लागतं. आणि यापेक्षा कमी असलं तर बिनघोर राहा, असा शिशाचा कुठलाही आकडा नाही.

“आमच्याच पोराला का?” बापूच्या बायकोनं विचारलं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली.

तिच्या पोरालाच झालं नव्हतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी 2020 साली दिलेल्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे. अशी मुलं सुमारे 80 कोटी. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं, घरगुती रंगांवर 2017 पासून मर्यादा आली. पण जगात वापरलं जाणारं बहुतेक शिसं आता बॅटऱ्यांत जातं, आणि जुन्या बॅटऱ्या कुठंतरी, कुणाच्यातरी पुढच्या खोलीत फुटतातच. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातला दहावा हिस्सा अंगात मुरतो, लहान मुलाच्या बाबतीत जवळजवळ निम्मा. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. मूल जमिनीवर रांगतं, बोटं चोखतं, हातात येईल ते तोंडात घालतं. एकाच घरातली एकच धूळ बापाला थोडी आणि लेकराला फार बाधते, ती यामुळं.

औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरबाईंनी एक अट घातली. सोन्या त्या घरात राहणार नाही. औषध शिसं बांधून लघवीवाटे काढतं. पण इकडं औषध चालू आणि तिकडं नवीन शिसं पोटात जातंय, असं झालं तर ते उलट जास्त शोषलं जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी दवाखान्यात आणि मग आजोळी. 19 दिवसांचं औषध. गंधकाचा असा वास की सोन्या चमचा बघूनच तोंड फिरवायचा. मामी केळ्यात कालवून द्यायची.

इकडं बापूनं घर हलवलं. खरं म्हणजे दुकान हलवलं, गल्लीच्या टोकाला भाड्याच्या गाळ्यात. ॲसिडनं डागाळलेली फरशी उपटून टाकली. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं झाडू बंद केला, कारण झाडूनं धूळ उडून पुन्हा खालीच बसते. ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं वेगळ्या बादलीत धुवायचं. गाळ्यावरच अंघोळ, कपडे बदलूनच घरी. जेवणात लिंबू, पालेभाज्या, दूध, नाचणी. माणसानं जे जे करायला हवं ते ते त्यानं केलं.

औषध संपलं तेव्हा आकडा 21 होता. सोन्या घरी आला. आक्कानं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

महिन्यानं रक्त तपासलं तर 44.

बापू मटकन बाकावर बसला. “मॅडम, आता मी काय करायचं राहिलंय?”

थोडं वर चढणार, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत नेऊन ठेवतं. सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत, हवी तेव्हा उपसत. तशी हाडं शिसं साठवतात आणि रक्तातलं कमी झालं की पुन्हा सोडत राहतात. तिथं ते वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून तीसपर्यंत गेलं असतं तर बाईंनी धीर दिला असता. 44 म्हणजे घरात अजून काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या. गल्लीतल्याच, आक्काला मावशी म्हणणाऱ्या. त्यांनी जमीन पाहिली, भांडी पाहिली, पाण्याचा माठ पाहिला, सोन्याच्या डोळ्यांतलं काजळ घरचं की विकतचं ते विचारलं. काही सापडेना. मग त्या नुसत्या बसून राहिल्या. दुपार झाली. सोन्या पेंगुळला, कोपऱ्यातली आपली गोधडी ओढत आणून आक्काच्या मांडीशी आडवा झाला, आणि गोधडीचं टोक तोंडात घालून चोखू लागला.

“मावशी, ही गोधडी कधीची?”

“तो जन्मला तवाची. मीच शिवलीय. आजोळाला धाडायची राहिली म्हनून पोर तिकडं रडलं किती.” आक्काचा आवाज कौतुकानं भरला होता. “वरनं माझं लुगडं हाय, मऊसूत.”

“आणि आत?”

“आत काय, जुनेरं. बापूचे शर्ट, पँटी. दुकानातले. टाकून कशाला द्यायचे? बापाची ऊब लागती म्हनतात लेकराला.”

आशाताईंनी टोक हातात घेतलं. लुगडं तिथं विरलं होतं, धावदोरा सुटला होता, आतला खाकी कापडाचा थर बाहेर डोकावत होता. ओलसर, करडा. किती वेळा धुतली असेल ती गोधडी, पण शिशाची बारीक भुकटी सुताच्या पोटात शिरली की नुसत्या धुण्यानं निघत नाही. बोटभर तुकडा कापून प्रयोगशाळेत गेला. शिसं निघालं, भरपूर निघालं.

आक्काला ते सांगायचं कुणी, यावर घरात दोन दिवस गेले. शेवटी डॉक्टरबाईंनीच तिला बोलावून घेतलं.

आक्का रडली नाही. बराच वेळ गप्प राहिली आणि मग भलतंच बोलली. “ह्याच्या बापाचा हात असा झाला होता बघा.” तिनं स्वतःचा उजवा हात पुढं धरला आणि मनगटातून खाली सोडून दिला. “ताट धरता यायचं न्हाई. वात म्हनले, वारं गेलं म्हनले. तेल चोळून चोळून माझे हात झिजले. तोबी हेच काम करायचा. त्याचे कपडे बी मीच धुतले आयुष्यभर.”

मनगट असं लोंबणं ही शिशाच्या बाधेची फार जुनी, पुस्तकात लिहिलेली खूण. आक्काच्या नवऱ्याला ती होती, आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तो गेला. धंदा पोराकडं आला, आणि त्याबरोबर धूळही आली.

आक्कानं विष पाजलं, असं गल्लीत कुणीतरी बोललं. असं बोलणाऱ्यांनी थोडं थांबावं. जुनेरं न टाकता लेकराला पांघरूण शिवणं हा काटकसरीचा आणि मायेचा मोठा संस्कार आहे, त्यानं आपल्याकडच्या पिढ्या उबेला वाढल्या. त्या कापडात काय आहे हे सांगायचं काम आक्काचं नव्हतं. ते ज्यांना माहीत होतं त्यांनी तिच्या दारापर्यंत येऊन सांगायला हवं होतं.

आक्का गोधडी चुलीत घालायला निघाली होती. बाईंनी थांबवलं, कारण जाळली असती तर तेच शिसं धुरातून पुन्हा घरभर झालं असतं. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ती घातक कचऱ्याच्या गाडीतून पाठवली. आक्कानं नवं कापड आणून दुसरी शिवायला घेतली.

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आक्का 19, सुनबाई 14. आणि बापू 47. रक्तदाब वाढलेला, सांधे दुखणारे, रात्री पोटात कळ येणारी. हे सगळं तो कामाचा शीण म्हणून काढत होता. सुनेला बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की दुसरं मूल हवं असेल तर आधी हा आकडा खाली आणायचा, कारण गरोदरपणात आईच्या हाडांतलं शिसं सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. सोन्याचा आकडा पुढच्या तपासणीत 30 झाला, त्यापुढच्या खेपेला 23. शब्द परत येऊ लागले. सगळे येतील का, हे आईनं विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. औषधानं रक्तातलं शिसं उतरतं, मेंदूचं झालेलं नुकसान भरून निघेलच असं नाही. त्याच्याशी खूप बोला, गोष्टी सांगा, शाळेत लक्ष ठेवा, हे त्यांनी सांगितलं.

बापूच्या हाताखाली सोळा वर्षांचा एक पोरगा काम शिकत होता. एवढ्या उलाढालीत त्याचा विचार कुणी केला नव्हता. एका संध्याकाळी तो नेहमीसारखा कामाच्याच कपड्यांत सायकलवर टांग टाकून निघाला आणि बापूनं हाक मारली.

“घरी कोण कोण आहे रं तुझ्या?”

“आई. नि धाकटी भन हाय, दोन वर्षांची.”

बापूनं त्याला सायकलवरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो पोराला, त्याच्या आईला आणि त्या चिमुरडीला घेऊन दवाखान्यात गेला. पोरीचा आकडा 26 आला. 45 च्या आत, म्हणून औषध लागलं नाही. भावाचे कपडे गाळ्यावर राहू लागले, घर ओल्या फडक्यानं पुसलं जाऊ लागलं आणि आकडा उतरणीला लागला.

बापूनं प्लेटा उकलायचं काम सोडलं. जुन्या बॅटऱ्या आता तो फोडत नाही, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे आख्ख्या पाठवतो. चार्जिंग आणि नव्या बॅटऱ्यांची विक्री एवढंच ठेवलं आहे. कमाई निम्म्यावर आली. पूर्वीची गिऱ्हाइकं येतात, चुकचुकतात आणि शेजारच्या दुकानात जातात. त्याला त्याचा त्रास होतो, आणि तो तसं बोलूनही दाखवतो.

म्हणूनच तो बाकीच्या चारही दुकानांत गेला. पहिल्यानं म्हटलं, धंदा बुडवायला निघालास काय? दुसऱ्यानं आपल्या वडिलांचं उदाहरण दिलं, याच कामात ऐंशी वर्षं जगले म्हणून. तिसऱ्यानं ऐकून घेतलं, काही बोलला नाही, पण चार दिवसांनी त्याच्या दुकानाबाहेर पाण्याचं पिंप आणि कपड्यांची खुंटी दिसली. चौथे अण्णा, गल्लीतले सगळ्यांत जुने. ते पळीतलं शिसं ओतत होते आणि त्यांची नात उंबऱ्यावर बसून सुट्या प्लेटांचे मनोरे रचत होती. बापूनं आधी पोरीला उचलून रस्त्यापलीकडं नेलं, नळावर तिचे हात धुतले, आणि मग परत येऊन सगळं सांगितलं.

अण्णांनी शेगडी बंद केली. “रक्त कुठं देतात रं? आन् उपाशीपोटी जायचं का?”

“न्हाई अण्णा, जेवून चला. अंघोळ करून, कपडे बदलून. पोरीला पण घ्या.”